थायरॉईड गळ्यात, दुखणे डोळ्यांत



एखाद्याचे डोळे बटबटीत दिसू लागले की गावात तर्क ठरलेले. गडी तापट झाला, नाहीतर रात्रीची 'घेऊ' लागला. बाईमाणूस असेल तर दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळायच्या. यात सहा-आठ महिने जातात, आणि या दुखण्यात नेमके तेच महिने मोलाचे.

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच कधी तिच्यावर उलटते आणि ग्रंथी जादा रस सोडू लागते. छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनपिऊन वजन उतरते. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज या डॉक्टरांनी १८३५ साली याचे वर्णन केले, त्यांचेच नाव रोगाला पडले. हीच उलटलेली यंत्रणा डोळ्यामागच्या चरबीला व स्नायूंना सूज आणते. डोळ्याची खोबण हाडाची, ती काही ताणत नाही. मग डोळाच पुढे ढकलला जातो. पापण्या झोपेतही पुऱ्या मिटत नाहीत, खडा गेल्यागत टोचते, एका वस्तूच्या दोन दिसतात.

पुष्कळांना वाटते, थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत, डोळे आपोआप बसतील. तसे नेहमी होत नाही. ग्रंथी ताब्यात आणलीच पाहिजे, पण डोळे वेगळे दाखवावे लागतात. दुखणे सौम्य असेल तर ओलावा देणारे थेंब, उशाला उंची आणि डॉक्टरांनी सांगितल्यास सेलेनियमच्या गोळ्या, एवढ्यावर भागते. सूज जोरात असेल तर स्टिरॉईड शिरेतून, बहुधा आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे देतात. त्यात साखर वाढते (कारखान्यातली नव्हे, रक्तातली!), म्हणून मधुमेह असल्यास आधी सांगावे. ग्रंथीसाठी किरणोत्सारी आयोडीन सुचवले, तर डोळ्यांचा त्रास आहे हे आवर्जून बोलावे. त्याने डोळे बिघडू शकतात. शस्त्रक्रिया सहसा सूज निवून काही महिने गेल्यावरच. आधी खोबण मोकळी करायची, मग तिरळेपणा, शेवटी पापण्या. अमेरिकेत २०२० साली टेप्रोटुमुमॅब हे नवे औषध मंजूर झाले, पण ते फार महाग आहे.

बिडीबद्दल मात्र स्पष्टच लिहितो. निपाणीची तंबाखू आपल्या शेजारची, राग येईल कुणाला. पण धूम्रपानाने हा डोळ्यांचा आजार जडण्याचा धोका वाढतो, तो जोर धरतो आणि उपचारही कमी लागू पडतो. हा आजार बायकांत जास्त दिसतो; पुरुषांना झाला तर बहुधा तीव्र होतो. थायरॉईड असलेल्याने बिडी-सिगारेट आजच टाकावी. घरात दुसऱ्याने ओढलेला धूरही नको.

लाल रंग फिका दिसू लागला, नजर मंदावली किंवा बुबुळ पांढुरके झाले, तर दृष्टीच जाण्याचा धोका असतो. अशा वेळी ऊसतोड संपू दे, बाजार होऊ दे, असे म्हणू नये. त्याच दिवशी सी. पी. आर. किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठावे, आणि थायरॉईडचे जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत.