ॲप-सुसंगतता (मोबाइल संचालन प्रणाली)

ॲप-सुसंगतता म्हणजे एका मोबाइल संचालन प्रणालीसाठी तयार केलेले ॲप दुसऱ्या प्रणालीवर चालण्याची सोय. पर्यायी प्रणालींपुढे यासंबंधी पेच असतो: प्रतिस्पर्धी प्रणालीची ॲप चालू दिल्यास ग्राहकांची सोय होते, परंतु विकसकांना स्वतंत्र ॲप तयार करण्याचे फारसे कारण उरत नाही. ब्लॅकबेरी १० (२०१३) या प्रणालीवर अँड्रॉइडची अनेक ॲप चालत असत. याउलट, २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत जाहीर झालेल्या जिओफोनमध्ये वेब-तंत्रज्ञानावर आधारित कायओएस ही प्रणाली होती. तिच्यावर अँड्रॉइड ॲप चालत नसल्याने जिओफोनधारकांना व्हॉट्सॲपच्या स्वतंत्र आवृत्तीसाठी सप्टेंबर २०१८ पर्यंत थांबावे लागले. २०२१ मधील जिओफोन नेक्स्टसाठी मात्र अँड्रॉइडवर आधारित प्रगती ओएस निवडण्यात आली.