दोन समुद्रांमधला तवा

बांगड्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन तिरक्या चिरा. बोटाने चिरांत खोलवर भरलेला लाल मसाला, वरून रव्याचा पातळ थर. बंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटजवळच्या एका गाडीवर उन्हाळ्याच्या संध्याकाळी तो तव्यावर पडतो, आणि बस स्टँडकडे निघालेली माणसं थबकतात. शिवाजीनगर हे नाव पुणेकराच्या ओळखीचं. कानावर मात्र दख्खनी, कन्नड आणि तमिळ.

पाय थांबतात ते वासामुळे. मग मनात येतं, समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब, उन्हाचा हा तडाखा, तरी इतका चांगला मासा इथे येतो कुठून?

तव्यामागचा माणूस कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या मलपेकडचा. सगळे त्याला ‘अण्णा’ म्हणतात. हात न थांबवता तो हिंदीत सांगतो, ‘चेन्नईकडचं बंद झालं. एकसष्ट दिवस.’ थोड्या वेळाने दुसऱ्या गिऱ्हाइकालाही तेच: एकसष्ट दिवस.

हिशेब असा. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. दोन्हीकडे ६१ दिवस, माशांच्या विणीसाठी. चेन्नई आणि मंगळुरू बंगळुरूपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. त्यामुळे मे महिन्यात या शहराची भिस्त पश्चिमेवर असते: मंगळुरू-मलपेचा बर्फात दाबलेला मासा रात्रीतून घाट चढून येतो. जूनचे पहिले चौदा दिवस मात्र दोन्ही समुद्र एकदम बंद. तेव्हा छोट्या पारंपरिक होड्यांचा थोडा मासा, शीतगृहातला माल आणि आंध्रच्या तळ्यांतले रोहू-कटला यांवर भागवायचं.

गाडीवर बांगड्याशिवाय इतरही मासे असतात. सुरमईला इथे अंजल म्हणतात, मुडदुशीला काणे. काणे नाजूक, म्हणून तव्याच्या कडेला, मंद आचेवर.

अण्णाचं कसब बघावं ते उलटण्यात. मासा टाकला की तो उलथन्याला हातच लावत नाही. गिऱ्हाईक घाई करतं, तो मान थोडी कलती करून ऐकत राहतो. ओल्या माशातलं पाणी तेलात जोरात तडतडतं. ते आटत जाईल तसा आवाज बारीक होतो, रव्याची कड तव्यापासून आपसूक सुटते. तेव्हाच एक झटका. घाई केली तर कवच तव्याला चिकटतं आणि मासा उघडा पडतो. तासभरात त्याच्या हातून एकही बांगडा तुटला नाही. शेवटी मूठभर कढीपत्ता तेलात पडतो, तो वास रस्त्यापलीकडे जातो.

मसाल्याच्या लाल रंगाबद्दल लोक हल्ली विचारतात, आणि विचारायलाच हवं. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने चिकन आणि माशांच्या कबाबांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत सनसेट यलो आणि कार्मोइसिन सापडले होते. मसाल्याच्या डब्याकडे बोट दाखवत अण्णा म्हणतो, ‘ब्याडगी.’ हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची ही सुरकुतलेली मिरची रंगाला गडद, तिखटाला सौम्य. ती भिजवून वाटली की वेगळा रंग लागतच नाही. तळल्यावर तिचा लाल विटकरीकडे झुकतो. भडक शेंदरी तुकडा दिसला तर पुढच्या गाडीकडे वळलेलं बरं.

 

नऊच्या सुमारास परातीत तीन बांगडे उरले होते. जूनच्या त्या चौदा दिवसांत काय करता, असं विचारल्यावर अण्णाने पहिल्यांदा मान वर केली. ‘गावी जातो. पोरांना बघतो. तिथेही सगळ्या बोटी धक्क्याला बांधलेल्या असतात.’ मग त्याने तिन्ही बांगडे एकदम तव्यावर सोडले आणि मान कलती केली.