चार पट्ट्यांचे दोन होतात तेव्हा

रक्ताच्या पातळ द्रावणातून उजेड सोडून तो लोलकातून पाहिला, की रंगांच्या पट्टीत पिवळ्या-हिरव्या भागात दोन काळे पट्टे दिसतात. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत फेलिक्स होप्पे-सायलर काम करत. त्यांनी १८६२ मध्ये या पट्ट्यांचं वर्णन केलं. दोन वर्षांनी केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी अशाच द्रावणात ऑक्सिजन ओढून घेणारं लोहाचं क्षारद्रव्य घातलं. लाल रंग जांभळट झाला, दोन पट्टे जाऊन एकच रुंद पट्टा उरला. मग द्रावण हवेबरोबर हलवलं आणि दोन्ही पट्टे परत आले!

हा रंग पायरोलच्या घराण्यातला. चार कार्बन आणि एक नायट्रोजन यांचं छोटं वलय म्हणजे पायरोल. अशी चार वलयं गुंफली की पॉरफिरिन होतं. त्याच्या मध्यभागी, चार नायट्रोजनांच्या कोंदणात, धातू बसतो. रक्तात तो लोह असतो.

धातू बसला की नाही, हे ओळखण्याची रीत मला फार देखणी वाटते. टेट्राफिनाइलपॉरफिरिन घ्या. धातू नसताना समोरासमोरच्या दोन नायट्रोजनांवर हायड्रोजन असतात, त्यामुळे रेणूची आडवी आणि उभी दिशा सारखी नसते. ४२० नॅनोमीटरच्या आसपास सोरे पट्टा असतो, अतिशय तीव्र. त्यापलीकडे ५०० ते ६५० नॅनोमीटरदरम्यान चार लहान पट्टे. जस्ताचा अणू आत शिरला की ते दोन्ही हायड्रोजन बाहेर पडतात. आता रेणू काटकोनात फिरवला तरी तसाच दिसतो. दोन्ही दिशा सारख्या झाल्या, म्हणून चाराचे दोन पट्टे उरतात. अवरक्त वर्णपटातही ३३०० सेंटिमीटर व्यस्तांकाजवळची नायट्रोजन-हायड्रोजन बंधाची खूण नाहीशी होते. दोन वेगळ्या साक्षी, निष्कर्ष एकच.

पण सगळं काही प्रकाशावर सोडता येत नाही. लोहाचे किती इलेक्ट्रॉन एकटे आहेत, हे चुंबकीय मापनानं नेमकं कळतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये तेच केलं: ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक लोहावर चार एकटे इलेक्ट्रॉन, ऑक्सिजन जोडला की एकही नाही.

म्हणून एखाद्या नव्या संयुगाचा नुसता एक पट्टा सरकला, एवढ्यावर त्याची भूमिती ठरवणं मला घाईचं वाटतं. स्फटिक मिळत असेल तर क्ष-किरणांनी अणूंच्या जागा पाहाव्यात. मिळत नसेल तर निदान दोन स्वतंत्र पद्धतींचा कौल घेतल्याशिवाय रचना जाहीर करू नये.