संशोधन आपले, नावही आपलेच हवे!

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. छापला गेला म्हणूनच जगभरचे अभ्यासक आजही त्याचा दाखला देतात.

आज अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड, पाथर्डी, अकोल्याची आपली मुले-मुली पीएच.डी. मिळवतात. सत्कार होतो, फोटो छापतो आणि संशोधन तिथेच थांबते. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'साठी द्यावी लागते. पण तेवढ्याने संशोधक सापडतोच असे नाही. कांबळे, गायकवाड, साळवे आपल्यात शेकडो. इंग्रजी स्पेलिंग कागदागणिक वेगळे. लग्नानंतर भगिनींचे आडनाव बदलते. मग एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर!

उपाय फुकट आहे. २०१२ साली सुरू झालेला ऑर्किड हा १६ आकडी क्रमांक घ्या. नाव बदलो, कॉलेज बदलो, क्रमांक तोच राहतो. गुगल स्कॉलरवर प्रोफाइल काढा. आपल्या लेखाचा दाखला कोणी दिला, ते तिथे कळते. भलत्याचे लेख यादीत शिरले असतील तर काढून टाका.

काहींना ही जाहिरातबाजी वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या वस्त्यांवर, जमिनींवर, अत्याचारांवर आपण केलेला अभ्यास कोणाला सापडलाच नाही, तर आम्ही वकिलांनी न्यायालयापुढे ठेवायचे काय? आपल्याविषयी इतरांनी लिहिलेलेच?

शिकलात, आता जगाला सापडा!