आम्हांस कावीळ झाली होती!

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील चहाच्या टपरीवर रविवारी एकच पेपर दहा हातांतून फिरतो. मागे एकदा त्याच्या पुरवणीत एका स्तंभलेखकाने आपल्याला नैराश्याने कसे घेरले, गोळ्या कशा घ्याव्या लागल्या, हे सविस्तर लिहिले होते. एकाने ते मोठ्याने वाचले आणि टपरीवर हशा पिकला. "त्यासले काय कमी शे?" सूतगिरणीत काम केलेले एक गृहस्थ म्हणाले. दुसऱ्याचे मत असे की, या लोकांना दर आठवड्याला रकाना भरायचा असतो, विषय संपले की स्वतःचे दुखणे काढतात. तिसरा म्हणाला, "आपले कोठे येळ शे भाऊ, उदास व्हवाले?" आम्हीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब पुढे देतो.

टपरीवरची ही शंका अगदीच टाकाऊ नाही. स्तंभलेखकाला त्या लेखाचे मानधन मिळते, धीर दिल्याची पत्रे येतात, पुढच्या रविवारी रकानाही कायम असतो. तेच तिसऱ्या पाळीचा कामगार किंवा कंत्राटी वॉचमन बोलला तर? "याला ठाण्याला न्या" हे पहिले उत्तर. मग कामावरून कमी होणे, मग मुलीच्या सोयरिकीत कुजबुज. त्याला सांगणे परवडते, आपल्याला नाही, हे लोकांना बरोबर कळते. पण त्यावरून हा आजारच खोटा किंवा श्रीमंतांचा, असा निष्कर्ष काढला की गाडी चुकते.

दीपिका पदुकोणचेच पाहा. जानेवारी २०१५ मध्ये तिने एका इंग्रजी दैनिकातून आपल्याला नैराश्य आल्याचे सांगितले. पुढे आईला आणि डॉक्टरांना सोबत घेऊन दूरदर्शन वाहिनीवर बोलली. हे सारे प्रसिद्धीसाठी, असे म्हणणारे तेव्हाही निघाले आणि २०२० साली तर तिच्या वाक्यांची मोबाईलवर टिंगल झाली. त्याच २०१५ साली तिने संस्था काढली आणि पुढच्या वर्षी कर्नाटकातील दावणगेरेच्या खेड्यांत काम सुरू झाले. तिथे जे रुग्ण सापडले ते नटनट्या नव्हते. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. आपल्या तालुक्याला लागून असलेला मध्य प्रदेश त्यात होता. साधारण वीस माणसांत एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्य येते आणि मनाचे आजार कमी उत्पन्नाच्या घरांत अधिक आढळतात, असे त्यात दिसले. म्हणजे "आपले कोठे येळ शे" म्हणणाऱ्याच्याच घरी हा पाहुणा जास्त येतो.

आता आमचा हिशेब. २०११ साली आमचा पगार वेळेवर होत होता, घरात भांडण नव्हते, कर्ज होते पण बुडवणारे नव्हते. तरी पहाटे तीनला जाग येई आणि उजाडूच नये असे वाटे. बी. कॉम. झालेल्या माणसाला बेरीज म्हणजे श्वास. पण रजिस्टरातील तोच रकाना चार वेळा करूनही जुळेना. कार्यक्रमांना जाणे बंद झाले. संध्याकाळी अरुणावतीच्या काठी बसून राहायचे आणि घरी येऊन "मीटिंग होती" म्हणायचे. जयंतीच्या व्यासपीठावरून अंधश्रद्धेवर भाषणे ठोकणारे आम्ही, एका नातलगाने दंडाला दोरा बांधला तेव्हा गप्प बसलो. तो पत्नीने कात्रीने कापला आणि आम्हांस धुळ्याला डॉक्टरांकडे नेले.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन आठवडे तोंडाला कोरड पडण्यापलीकडे काही घडले नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका, असे डॉक्टरांनी बजावले नसते तर पाकीट फेकलेच असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके सकाळी उठल्यावर भूक लागली. महिनाभर रजा काढावी लागली. अर्जात कारण लिहिले 'कावीळ'. कावीळ इज्जतदार आजार आहे! सहकारी उसाचा रस घेऊन आले. एकाने सेंधव्याकडून मुळीचे औषध आणले आणि आमच्यासमोर उभा राहून ते पाजले. ती कडू वाटी आम्ही मुकाट्याने संपवली, पण खरे बोललो नाही.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा "घरची लक्तरे वेशीवर टांगली" म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही होते. आज तेच पुस्तक आपण अभिमानाने मुलांच्या हाती देतो. त्याचे इंग्रजी भाषांतर माहीमचे पत्रकार-लेखक जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये केले. त्याआधी २०१२ साली त्यांनी आपल्या आईच्या मानसिक आजाराच्या अनुभवातून कादंबरी लिहिली होती, तिला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घरातले दुखणे बाहेर काढणारा प्रत्येक जण विकायलाच बसलेला असतो, असे आता आम्हांस म्हणवत नाही. काही विकतही असतील. कावीळ सांगणारे सगळे तरी कुठे खरे असतात?

ज्यांना पंधरा दिवसांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातले लक्ष गेल्यासारखे वाटते, किंवा जीव नकोसा होतो, त्यांनी वाट पाहू नये. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा शासनाचा फोन सुरू आहे. त्यावर पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. घरच्यांनी "मन रमव" असे सांगत बसण्यापेक्षा सोबत बसमध्ये बसावे. आमच्या पत्नीने तेच केले.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी तिला वाचून दाखवला. तिने काहीच गाळायला सांगितले नाही, एक दुरुस्ती मात्र सुचवली. कावीळ एकदा नव्हे, दोनदा झाली होती.