बेस गिटारच्या खर्जाला जवारी

वाद्यवृंदात बेस गिटार वाजत असते, पण ती काय वाजवत होती असे श्रोत्याला विचारले, तर पुष्कळदा त्याला सांगता येत नाही. दोष वादकाचा असतोच असे नाही. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या जाड तारेपेक्षा ती बरोबर एक सप्तक खाली आहे. इतका खोल खर्ज लहान स्पीकरला झेपत नाही, आणि आवाज वाढवला तर स्वर स्पष्ट होण्याऐवजी नुसती घुमघुम वाढते.

यावर उपाय म्हणून गिटारवादकांचे एक स्वस्त ओव्हरड्राइव्ह पेडल मी बेसला जोडून पाहिले. दोन हजार रुपयांच्या आतले हे पेडल इबानेझच्या प्रसिद्ध ‘ट्यूब स्क्रीमर’च्या धर्तीवर बांधलेले होते.

ओव्हरड्राइव्हचे तत्त्व सोपे आहे. तारेपासून आलेला विद्युत्संदेश आधी मोठा करायचा आणि मग डायोडच्या जोडीने त्याच्या लाटांचे माथे दाबायचे. लाटेचा आकार बदलला की मूळ कंपनसंख्येच्या पटीतल्या नव्या स्वरांची त्यात भर पडते. दोन्ही बाजूंनी सारखे दाबले तर तिप्पट, पाचपट असे विषम पटीतले स्वर वाढतात. म्हणजे 41 बरोबर सुमारे 123 आणि 206 कंपनांचे स्वर उमटतात.

आपल्याकडच्या रसिकाला हे नवे वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी नीट लागली की एकाच तारेतून स्वयंभू स्वरांचा झंकार उमटतो. तिथे हे काम तारेचा घोडीशी होणारा स्पर्श करतो, इथे डायोड करतात. साधने वेगळी, तरी एका स्वरातून वरचे स्वर फुलवणे हे दोन्हींचे फळ. त्यातही गंमत अशी, की हे वरचे स्वर कानी पडले तर खालचा मूळ स्वर क्षीण असूनही मेंदू तो भरून काढतो. लहान स्पीकरवर बेस ‘ऐकू’ येते ती याच न्यायाने.

मग प्रयोगात काय झाले? ‘ड्राइव्ह’चे बटण पूर्ण फिरवले तेव्हा स्वर कर्कश झाला आणि खर्जाचे बूड निघून गेले. एकटे वाजवताना हे खपून गेले, पण ड्रम सुरू होताच गाणे पोकळ वाटू लागले. कारण पेडलच्या रचनेतच आहे. गिटारचा आवाज गढूळ होऊ नये म्हणून या जातीच्या पेडलमध्ये सुमारे 720 हर्ट्झच्या खालच्या कंपनांना मुद्दाम कमी वाढ देतात. ड्राइव्ह पूर्ण असता वरच्या स्वरांची वाढ शंभर पटींच्या पुढे जाते, तर 41 हर्ट्झची जेमतेम सात पट होते. गिटारला जे गुणाचे, तेच बेसला मारक.

ड्राइव्ह पाव भागाइतका ठेवून ‘लेव्हल’ वाढवल्यावर मात्र चित्र पालटले. खर्ज बराचसा टिकला आणि प्रत्येक आघाताला धार आली. एका वेळी एकच तार छेडावी हेही ध्यानात आले. दोन स्वर एकत्र दाबले गेले की त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वर निर्माण होतात. षड्ज-पंचमाची जोडी निभावते, गांधाराची जोडी खर्जात चिखल करते.

सर्वांत चांगला मार्ग मिश्रणाचा. बेसचा संदेश दोन वाटांनी न्यावा. एक वाट स्वच्छ, थेट मिक्सरकडे, दुसरी पेडलमधून. पहिलीने बूड सांभाळावे, दुसरीने जवारी द्यावी. दोन्ही एकत्र करताच आवाज बारीक झाला, तर एका वाटेची लाट उलटी झाली आहे असे समजावे आणि मिक्सरवरचे फेज उलटवण्याचे बटण दाबावे. बेससाठी खास बनवलेल्या अनेक पेडलांत या मिश्रणासाठी वेगळे बटणच असते. सोल्डरिंग जमणाऱ्याला आणखी एक वाट आहे. ट्यूब स्क्रीमरच्या मूळ आराखड्यातला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून 0.22 चा बसवला, तर 720 ची मर्यादा सुमारे 150 हर्ट्झवर उतरते.

ही कल्पना जुनीच आहे. 1965 साली बीटल्सच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ या गाण्यात पॉल मॅकार्टनी यांची फझ लावलेली बेस साध्या बेसच्या जोडीने वाजते. साध्या बेसला तिथेही रजा दिलेली नाही.

तेव्हा बेस वाजवणाऱ्या विद्यार्थ्याने महागड्या उपकरणासाठी अडून बसण्याचे कारण नाही. मित्राचे गिटार-पेडल तासभर मागून घ्यावे, ड्राइव्ह कमी ठेवावा, स्वच्छ स्वर सोडू नये आणि निवाडा एकट्याने नव्हे, तर सगळ्या वाद्यांच्या संगतीत करावा.