कातडीच्या पेशीला गर्भाची आठवण

सावनेर तालुक्यातल्या बागेतलं संत्रं सोला, एक बी घ्या आणि थोडा वेळ भिजवून वरच्या साली नखाने काढा. आत दोन सरळ दळं मिळायला हवीत. हाती येतात ते बहुधा हिरवट, वेडेवाकडे, एकमेकांत घुसलेले बरेच तुकडे. एका बीत अनेक गर्भ! लेवेनहुकने १७१९ मध्येच हे पाहून ठेवलं होतं.

त्यातला फार तर एखादा गर्भ परागकणामुळे झालेला असतो. बाकीचे अंडपेशीभोवतीच्या साध्या पेशींतून उगवतात. बाप नाही, सगळं आईचंच. आपल्याकडे संत्र्याचा डोळा ज्या जंबेरी खुंटावर भरतात, त्या जंबेरीचंही तसंच. म्हणून तर वाफ्यातले खुंट इतके एकसारखे निघतात आणि वेगळं दिसणारं रोप उपटून टाकता येतं. साध्या पेशीने एकदम गर्भ व्हायचं ठरवावं, हे मला आजही थक्क करतं.

माणसाच्या पेशीत हे आपोआप होत नाही. कातडीच्या पेशीत अख्ख्या देहाचा आराखडा असतो, पण कातडीला लागतो तेवढाच भाग उघडा, बाकीचा मिटलेला. तो पुन्हा उघडण्याची ताकद अंडपेशीच्या रसात आहे. अंडपेशीचं केंद्रक घालवून तिथे शरीरातल्या पेशीचं केंद्रक बसवून जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकात हे दाखवलं, आणि अशाच रीतीने १९९६ मध्ये डॉली मेंढी जन्मली. माणसाची अंडपेशी मात्र दाद देत नव्हती. कोरियातून यशाचा दावा झाला, तो खोटा निघाला.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन इथे शुखरात मितालिपोव यांच्या गटाला ते जमलं. अंडपेशीची गुणसूत्रं साध्या उजेडात दिसत नाहीत; ध्रुवित प्रकाशात ती ज्या तंतूंच्या चातीवर बसलेली असतात, ती चाती चमकते. तेवढीच चाती काचेच्या बारीक नळीने ओढून घ्यायची, जागी कातडीची पेशी ठेवायची आणि निष्प्रभ केलेल्या सेंडाई विषाणूच्या आवरणाने दोघींना एकजीव करायचं. अडचण एकच: अंडपेशी विभाजनाच्या मध्यावर थांबलेली असते आणि या ढवळाढवळीत वेळेआधीच पुढे सरकते. तिला थोपवून धरलं कशाने? कॅफीनने! चहा-कॉफीतल्याच कॅफीनने. एका दात्या स्त्रीच्या ८ अंडपेशींतून ५ गर्भगोल वाढले आणि त्यांतून मूलपेशींच्या, म्हणजे कुठल्याही अवयवाच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या, ४ वाणांची पैदास झाली. पुढच्याच वर्षी ७५ वर्षांच्या पुरुषाच्या कातडीची पेशीही अशी मागे फिरली. पाऊणशे वर्षं कातडीच राहिलेल्या वंशातली पेशी!

यातून मूल जन्माला घालायचं नसतं. गर्भगोल उघडून आतल्या पेशी वाढवल्या जातात. पण अंडपेशी द्यायला एका बाईला संप्रेरकांची इंजेक्शनं आणि शस्त्रक्रिया सोसावी लागते, हे विसरून चालणार नाही. मूलपेशी मिळवायच्या दुसऱ्याही वाटा आहेत. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत दीपा भरतिया यांच्या गटाने किंड-१ आणि किंड-२ हे मानवी मूलपेशींचे वाण तयार केले, ते केंद्रक न बदलता, वंध्यत्वावरच्या उपचारातून उरलेल्या गर्भांपासून. साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला मूलपेशीसारखी करण्याची यामानाका यांची रीत तर अंडपेशीशिवायच चालते, आणि बहुतेक प्रयोगशाळा तिच्याकडेच वळल्या आहेत.

तरी एक गोष्ट केंद्रक बदलूनच साधते. पेशीतली ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो आणि इथे त्या जवळजवळ सगळ्या अंडपेशीकडून येतात. ज्याच्या सगळ्याच तंतुकणिका आजारी आहेत, त्याला स्वतःच्याच जनुकांच्या पण धडधाकट तंतुकणिकांच्या पेशी अशा मिळू शकतात.